मधे नाही, डावीकडे

बसने चौकात करकचून ब्रेक मारला आणि पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या पाठपिशवीतला थर्मास मालसुनच्या डाव्या स्तनावर आदळला. फार जोरात नाही. शनिवारची सकाळ, सहा वाजून गेलेले, बस अर्धी रिकामी. म्हातारा डोंगर चढायला निघालेला, अंगात भडक जाकीट, हातात घडीची काठी. दुसऱ्या कुणाला एवढ्याने काही झालं नसतं. मालसुनच्या मात्र डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते गेल्या छप्पन्न वर्षांत कधी निघालं नव्हतं. "डोळे फुटले का रे मेल्या?" सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, भर बसमध्ये, अरे-तुरे. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. म्हातारा वळला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द आणखी देता आले असते. त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग छातीवर दाबून धरलेल्या हाताकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्वाब्योंग झालाय बाईला. माझ्या बायकोला पण होता. घरी जाऊन नवऱ्याला चार शिव्या घाल, मोकळं वाटेल." मागच्या बाकावरच्या दोन बायका खुसखुसल्या. मालसुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती गेली हे तिलाच इतकं स्पष्ट कळलं की म्हाताऱ्याचं खरं ठरल्यासारखं झालं, त्यामुळे ती आणखीनच भडकली.

ह्वाब्योंग. आगीचा आजार. गिळलेला राग छातीत साठतो, साठून पेटतो, पेटला की बाई ऊर बडवते, रात्री पांघरूण झुगारते, दार उघडून थंडीत बसते. देगू शहरात असं घर नाही जिथे एका तरी बाईला तो नाही. सासूला असतो, नणंदेला असतो, देवळातल्या ओळखीच्या बाईला असतो, आणि ज्यांना नसतो त्यांना जरा कमी समजलं जातं, त्यांनी काही सोसलंच नाही असं. मे महिन्यात दुखायला लागलं तेव्हा मालसुनसुद्धा स्वतःच्या पायांनी वैद्याकडे गेली होती. वैद्य भला माणूस. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग दोन स्तनांच्या मधोमध, हाडावर, अंगठा रोवला. "इथे?" तिथे असा अंगठा रोवला तर घोड्यालासुद्धा दुखेल. ती कळवळली. वैद्याने समाधानाने मान हलवली. "आहे. ह्वाब्योंग आहे. बराच जुना आहे." मालसुन म्हणाली, "वैद्यबुवा, पण दुखतं ते मधे नाही, जरा डावीकडे." "आग आहे ती," वैद्य म्हणाला, "पसरणारच." मग तपकिरी काढ्याच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ, गरम पाण्यात बुडवून. काढा कडू होता आणि कडू म्हणूनच तिला खरा वाटला. सहा महिने ती तो प्यायली.

दुखणं मधे नव्हतंच. मधल्या हाडापासून डावीकडे चार बोटं, थोडं वर, काखेच्या दिशेने, एका नाण्याएवढ्या जागेत. पाळीच्या दिवसांतलं दुखणं तिला ठाऊक होतं, ते दोन्हीकडे असायचं, यायचं आणि जायचं, आणि पाळी जाऊनही आता चार वर्षं झाली होती. हे जात नव्हतं. हे एकाच जागी बसून होतं, घर भाड्याने घेतल्यासारखं. ती सांगायची, पण सांगताना समोरच्याचं बोट मधेच जायचं. बहिणीचं गेलं. शेजारणीचं गेलं. नवऱ्याने तर बोटही लावलं नाही, टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "तुझं आपलं काहीतरी असतंच." मालसुनचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, इमारतीच्या तळमजल्यावर, अडीच पावलं रुंद, लोकांच्या विजारी आखूड करायच्या, बायकांच्या कमरा ढिल्या करायच्या. अंगं तिला कळतात. टेप लावली की कोण कुठून सुजलंय, कुणाचा एक खांदा उतरलाय, तिला बाई बोलायच्या आधी कळतं. आणि सप्टेंबरात तिने स्वतःच्याच एका ब्लाउजचा डावा टक्स उसवून अर्धा इंच सरकवला होता. नीट बसत नव्हता म्हणून. उजवा नाही, फक्त डावा. दातांनी धागा तोडताना हात जरा थांबला होता, मग तिने मशीनवर पुढची विजार घेतली. एखाद्या गिऱ्हाइकाने असा एकच टक्स सरकवायला आणला असता तर तिने मान वर करून त्या बाईकडे नीट पाहिलं असतं.

बस नदीवरून निघाली. मालसुनने दांडा सोडून खिडकीजवळची जागा घेतली आणि हात छातीवरून काढून मांडीवर ठेवला, लोकांना दिसू नये म्हणून. आणि तो हात मांडीवर ठेवताना तिला तिच्या आईचा हात दिसला. आईचा डावा हात कधी मांडीवर नसायचाच. तो उजव्या हाताखालून छातीला धरलेला असायचा, भात वाढताना, लसूण सोलताना, माणसांशी बोलताना. आईचं नाव गान्नान. त्या नावाचा अर्थ नुसता जन्मलेलं मूल. मुलगी झाली म्हणून कुणी नाव ठेवायचे कष्ट घेतले नाहीत, दाखला करायला गेलेल्याने जे सुचलं ते सांगितलं. गान्नानला पाच मुली झाल्या, पाचवी मालसुन, म्हणजे ही शेवटची, आता बास. आणि खरोखरच तिच्यानंतर मुलगा झाला, त्यामुळे मालसुनचं नाव गुणाचं ठरलं. गाव लसणाचं. वडिलांनी तालुक्याला दुसरं घर केलेलं होतं, सगळ्यांना माहीत असलेलं. म्हणून आई छातीला हात लावून बसली की कुणी काही विचारायचं नाही. कारण समोरच होतं. "नवऱ्याने जाळली तिला," बायका म्हणायच्या, आणि आईही म्हणायची, "छातीत आग आहे माझ्या." ती मेणकागदावरचा काळा मलम दिव्यावर धरून पातळ करायची आणि पाठ फिरवून ब्लाउजच्या आत चिकटवायची. पुढे मलम पुरेना, मग जुन्या चादरीच्या घड्या. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात सगळ्या बायकांबरोबर अंघोळीला जायची ती बंद झाली. हिवाळ्यातसुद्धा खिडकी उघडी ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपायची. लोक म्हणायचे, बघा, आतून किती पेटलीय. खिडकी आगीसाठी उघडी नसायची. वासासाठी असायची. त्या खोलीत मालसुन झोपायची, तिला माहीत होतं.

आई एक्कावन्नाव्या वर्षी गेली. मालसुन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. अंगावरचे कपडे बदलायला थोरल्या मावशीबरोबर तीही बसली होती. घडी सुटली तेव्हा तिला एक क्षणभर दिसलं. स्तन होता तिथे स्तन नव्हता. काळं, टणक, आत गेलेलं काहीतरी होतं. मावशीने लगेच कापड ओढलं. "बघू नये," ती म्हणाली. मग बाहेर ओसरीवर सगळ्या बायका रडल्या, रागाने गेली बिचारी, म्हणाल्या, आणि वडील कोपऱ्यात मान खाली घालून बसले, आणि मालसुनला त्या दिवशी त्यांचा जीव घ्यावासा वाटला. सदतीस वर्षं ती त्या माणसावर खार खाऊन होती. तो मेला तरी होती. आता बसच्या काचेला डोकं टेकून तिला वाटलं, तो हलकट होता हे खरंच. पण हलकटपणाने छातीला भोक पडत नाही. एवढी साधी गोष्ट. तिथे जमलेल्या चाळीस माणसांपैकी एकालाही ती सुचली नाही की सगळ्यांनाच सुचली होती, आणि बघू नये असं ठरलं होतं?

सासूचं घर शहराच्या टोकाला, बैठं, पुढे अंगण. वर्षाची किमची घालायचा दिवस. अंगणात निळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यावर रात्रभर मिठाच्या पाण्यात पडून मऊ झालेले कोबीचे ऐंशी गड्डे उभे कापून उपडे मांडलेले, लालसर रबरी घमेल्यांत मिरचीपूड, मुळ्याचा कीस, लसूण, खारवलेली कोळंबी. चुलीवर डुकराचं मांस उकळत होतं. पुरुष आत, गरम जमिनीवर, टीव्हीपुढे. मालसुनचा नवरा काल संध्याकाळीच येऊन भावाबरोबर बसला होता, गाडी घेऊन, म्हणून तर तिला बस. "या, महाराणी आल्या," सासू म्हणाली. वय चौऱ्याऐंशी, दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलेलं, पण खुर्चीत बसून सगळ्या अंगणावर जरब. "सात वाजले. आमच्या वेळी सातला अर्ध्या कोब्या भरून व्हायच्या."

"बस उशिरा आली, आई."

"बस नाही उशिरा येत. माणसं उशिरा निघतात."

थोरल्या जावेने सरकून जागा केली आणि हातमोजे पुढे केले. थोरली जाऊ मनाने वाईट नाही, तिने कधी मालसुनचं वाकडं केलं नाही. पण सासू बोलत असताना तिला ऐकू येत नाही, ही तिची एकतीस वर्षांची सवय. दोघी मांडी घालून बसल्या आणि पान उचलून मसाला, पान उचलून मसाला सुरू झालं. मालसुनला बसमधलं सांगावंसं वाटलं म्हणून तिने सांगितलं, शिवीसकट. जाऊ हसून लोटपोट झाली. सासूही हसली. "म्हातारा हुशार निघाला," सासू म्हणाली. "अगं ह्वाब्योंग मला पण आहे. कुणाला नाही? तुझ्या सासऱ्यांपायी चाळीस वर्षं माझी छाती धुमसली. मी मेले का?"

"पण एकाच जागी दुखतंय, आई. मे महिन्यापासून."

"दुखतंय ना?" जाऊ म्हणाली. "मग काळजीच नको. कॅन्सरची गाठ दुखत नसते. टीव्हीवर डॉक्टर स्वतः सांगत होता."

मालसुनने हे आधीही ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला हायसं वाटलं होतं. दुखणाऱ्या जागेवर कुणीतरी मऊ फडकं ठेवल्यासारखं. आज मात्र तिला वाटलं, ही सगळी फडकी आईच्या ब्लाउजमधल्या घड्या आहेत. तिने पुढचा गड्डा ओढला. तिची स्तनांची तपासणी सम वर्षी असते. सम वर्षी जन्मलेल्यांना सरकारचं पत्र सम वर्षी येतं, फुकट तपासून घ्या म्हणून, आणि सगळा देश ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. चार वर्षांपूर्वी ती गेली होती. कागदावर लिहून आलं होतं, काही आढळलं नाही, आणि खाली बारीक अक्षरात, स्तन दाट असल्याने नीट दिसत नाही, सोनोग्राफी करून घ्यावी. तिने वरची ओळ वाचली. दोन वर्षांपूर्वी पत्र आलं तेव्हा सासूचा खुबा मोडला होता. बेचाळीस दिवस मालसुन त्या इस्पितळात सासूच्या पलंगाखालच्या अरुंद बाकड्यावर झोपली, आणि तपासणीचा विभाग त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर होता. दिवसातून दहा वेळा ती त्याच्यासमोरून गेली, कधी भात घेऊन, कधी लघवीचं भांडं घेऊन. एकदा म्हणाली, आई, अर्ध्या तासात येते. "जा की," सासू म्हणाली होती, "माझं भांडं कोण काढेल तेवढं सांगून जा." ती गेली नाही. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. हेच तिला सगळ्यात जास्त लागत होतं, की कुणीही बांधून ठेवलं नव्हतं.

दहा वाजता भरलेलं घमेलं उचलायला ती वाकली आणि घमेल्याची कड डाव्या बाजूला लागली. या वेळी ती ओरडली नाही. घमेलं तसंच खाली टेकवून ती बसली, कपाळावर घाम. जाऊ घाबरली. "अगबाई, पांढरीफटक पडलीस. थांब, दाबून देते, बरं वाटतं." तिने हातमोजा काढला आणि तिचं बोट सवयीने पुढे आलं, मधोमध, हाडावर.

मालसुनने तिचं मनगट पकडलं. लाल मसाल्याने भरलेल्या हातमोज्याने, गच्च. "मधे नाही, डावीकडे," ती म्हणाली, आणि तो हात ओढून स्वेटरवर, त्या नाण्याएवढ्या जागेवर ठेवला. "दाब. अजून. आता सांग काय आहे."

जावेचं बोट थांबलं. मग जरासं गोल फिरलं, मग पुन्हा थांबलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. तिने सासूकडे पाहिलं. मग तिने उरलेल्या कोब्यांकडे पाहिलं. हे मालसुनला दिसलं. थोरली जाऊ काही मनाने वाईट नाही, पण तिच्या बोटाखाली गाठ लागली आणि तिने कोब्यांकडे पाहिलं, अजून किती राहिल्या ते.

"सोमवारी जा हं," जाऊ हळूच म्हणाली. "सोमवारी नक्की जा. मी येते बरोबर."

"काय झालं?" सासूने विचारलं.

"काही नाही, आई. जरा... टणक लागतंय."

सासूच्याही तोंडावरचं पाणी पळालं, ते मालसुनने पाहिलं. तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. पण मग म्हातारीने खुर्चीचे हात धरले आणि म्हणाली, "मे महिन्यापासून आहे ना? मग दोन दिवसांनी काय होतंय. मिठातले गड्डे थांबत नाहीत, पाणी सुटलं की गेले. हे आवरा आधी."

मालसुन उठली. तिने एक हातमोजा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही नीट जोडून मसाल्याच्या घमेल्याच्या कडेवर ठेवले. तिला मोठ्याने बोलायचं होतं, बेचाळीस दिवसांचं, एकतीस वर्षांचं, पण बोललं की ते ह्वाब्योंगमध्ये जमा होणार, हे तिला एकदम कळलं. ओरडली तर आग, रडली तर आग, गप्प बसली तर साठलेली आग. या लोकांनी कुठे जायला वाटच ठेवली नव्हती. म्हणून ती कोट घालायला लागली.

"कुठे निघालीस?" नवरा दारात आला होता, हातात चिमटा, तोंडात मांसाचा तुकडा. "शिजलं बघ मस्त."

"डॉक्टरकडे."

"आज? किमचीच्या दिवशी?"

"गाडी काढता का?"

त्याने आत पाहिलं. "अगं मी... दोन प्याले झालेत सकाळी. दादाने ओतले." मग चिडून, कारण त्याला लाज वाटली होती, "आणि असं काय पेटलंय एवढं?"

"छाती," मालसुन म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. सासूची हाक मागून आली, "सेऊनच्या आई! ए सेऊनच्या आई!" मुलीच्या नावाने मारलेली हाक. स्वतःच्या नावाने तिला त्या घरात कुणी हाक मारली नव्हती, आणि आज ती वळलीही नाही.

परतीच्या बसमध्ये लोक तिच्याकडे पाहत होते. अंगाला लसूण आणि मिरचीचा वास, स्वेटरवर डाव्या बाजूला हातमोज्याचा लाल डाग, नेमका तिथेच. ती ताठ बसली. दवाखाना शहराच्या मध्यावर, चष्म्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. फक्त स्तनांचा दवाखाना, रोज दुकानात जाता-येता तिने त्याची पाटी वाचली होती. शनिवारी एकपर्यंत. आत बायका खचाखच भरलेल्या, गुलाबी अंगरख्यांत, सगळ्या सम वर्षी जन्मलेल्या. काउंटरवरच्या पोरीने मान वर न करताच सांगितलं, "काकू, आजचे नंबर संपले. आता जानेवारीत."

"जानेवारी नाही. आज."

"काकू, वर्षअखेर आहे, सगळेच..."

"माझ्या छातीत गाठ आहे," मालसुन म्हणाली. मोठ्याने, बसमध्ये ओरडली होती तेवढ्या मोठ्याने. बायकांचं बोलणं थांबलं. "मी इथेच थांबते. तुम्ही कुलूप लावून गेलात तर आत थांबते. सोमवारी उघडाल तेव्हा पहिला नंबर माझाच." पोरीने आता तिच्याकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं, आणि कुठलंही बोट कुठेही न लावता एक फॉर्म पुढे सरकवला. हा आयुष्यातला पहिला राग होता ज्याला कुणी आजार म्हटलं नाही. फॉर्म तिला पाठ होता. पाळी कधी आली, कधी गेली, मुलं किती, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, आई, बहीण, मुलगी, कुणालाच नाही. दर वेळेसारखी तिने शेवटच्या चौकोनात खूण केली आणि कागद परत दिला.

साडेबारा वाजता तिला आत घेतलं. आधी मशीन. थंड पाट्यांमध्ये डावा स्तन दाबला गेला तेव्हा तिने दात ओठात रोवले आणि मशीनलासुद्धा मनात शिवी दिली. मग डॉक्टर. बाई होती, चाळिशीची, केस अस्ताव्यस्त, सकाळपासून उभी असल्यासारखी. "कुठे दुखतं?" तिने विचारलं आणि थांबली. हात पुढे आणला नाही. मालसुनला आधी कळलंच नाही ती कशासाठी थांबलीय. मग तिने स्वतःचं बोट तिथे ठेवलं. डॉक्टरचं बोट तिच्या बोटाच्या मागोमाग आलं आणि बरोब्बर त्याच जागी टेकलं. मालसुनला रडू फुटलं. डॉक्टर म्हणाली, "दुखतंय? हळू करते." मालसुन म्हणाली, "नाही. करा."

जेल थंड होतं. पडद्यावर करडे ढग. "हे दुखतंय ते," डॉक्टर म्हणाली, "ही पाण्याची पिशवी आहे. हिचं काही नाही. दुखणं बहुतेक वेळा असलंच काहीतरी असतं." मालसुनचा श्वास सुटला. पण डॉक्टरचा हात थांबला नाही, जरा काखेकडे सरकला, आणि तिथे थांबला. "ही दुसरी. तिच्या मागे. ही दुखत नाही तुम्हाला, हो ना?" तिने दाबलं. नाही दुखलं. "हिच्या कडा मला आवडत नाहीत. सुईने तुकडा घेऊ या, आत्ताच. बुधवारी निकाल येईल. त्याआधी मी हो पण म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही." सुईचा खटका वाजला, चार वेळा. बारीक पांढरे तुकडे बाटलीत पडले, दोऱ्याच्या टोकांसारखे. मालसुन ते पाहत राहिली. सहा महिने पाण्याची ती पिशवी ओरडत होती आणि सगळे तिला आग म्हणत होते, तिच्या पाठीमागे हे गुपचूप बसलेलं.

पट्टी चिकटवताना डॉक्टरने फॉर्म चाळला. "घरात कुणाला नाही. चांगलं आहे. आई आहेत?"

"नाही. एक्कावन्नाव्या वर्षी गेली."

"कशाने?"

"रागाने," मालसुन म्हणाली. सदतीस वर्षं जे उत्तर दिलं तेच. डॉक्टर लिहीत नव्हती, नुसती पाहत होती. मालसुन पडल्या पडल्या छताकडे बघून म्हणाली, "डॉक्टरबाई, रागाने बाईच्या छातीला भोक पडतं का?"

डॉक्टरने हातातला कागद खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली.

"वास येतो का?"

"नाही." मग तिने विचारलं, "डावीकडे?"

"डावीकडे."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. अठ्ठावीस वर्षांची. सोलला असते." बोलता बोलताच मालसुनला कळलं की सेऊननेसुद्धा असेच फॉर्म भरले असतील, आणि आईला विचारून भरले असतील, आणि तिने सांगितलं असेल, नाही गं, आपल्यात कुणालाच नाही. ती उठून बसली. अंगरख्याची नाडी बांधताना गाठ नीट बसेना, रोज दोनशे गाठी मारणारे हात.

बाहेर आली तेव्हा फोन वाजत होता. नवरा. मागे अंगणातले आवाज, घमेली आपटण्याचे. "अगं, वहिनी रडतेय इथे. काय म्हणाली डॉक्टर?" तिने सांगितलं, बुधवारी. मग कुणीतरी त्याला मागून काही म्हटलं आणि तो अवघडून म्हणाला, "आई विचारतेय, राग शांत झाला का तुझा."

"नाही झाला म्हणून सांगा," मालसुन म्हणाली. "आणि होणारही नाही. तुम्ही बुधवारी पिऊ नका. गाडी लागेल." तिने फोन बंद केला आणि काउंटरपाशी गेली. बायका कमी झाल्या होत्या, पोरगी पडदे ओढत होती. "माझा फॉर्म द्या परत," मालसुन म्हणाली. "चुकलाय."

"काकू, सगळं कॉम्प्युटरवर घातलं. काय चुकलंय ते सांगा, मी बदलते."

"मला द्या. मी बदलते."

पोरीने उसासा टाकून फॉर्म काढून दिला. कागदाच्या कोपऱ्याला मिरचीचा अंगठा उमटला होता. मालसुनने कुणालाच नाही वरची खूण दोन रेघा मारून खोडली, पेन कागदातून जाईल इतक्या जोराने. मग आई या शब्दाशेजारी, जिथे जागा नव्हती तिथे, समासात वळवून, आडनावासकट लिहायला सुरुवात केली. यू गान्नान. ते नाव तिने आजवर कुठेही लिहिलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांनी लिहिलं होतं. पोरगी वाकून बघत होती.

"काकू, नाव नको हो तिथे. नुसती खूण करायची असते."

"खूणही करते," मालसुन म्हणाली. तिने आधी नाव पुरं केलं, मग खूण केली.